बेअरिंगखालचा ओघळ

४ नोव्हेंबर

ती. मामा,

कार्डांचा खोका पोचला. तुम्ही मारलेल्या सुतळीच्या गाठी सोडवता सोडवता आमचे शिपाईकाका म्हणाले, "बाई, आत अख्खा पूलच पाठवलाय की काय?" शेवटी ब्लेड आणलं.

चारशेच्या चारशे जोड्यांची उत्तरं मी स्वतः टेबलात भरली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मागच्या वेळी घाईत मी तुमच्यापुढे कार्डांचा गठ्ठा ठेवला आणि निघून आले. आपण नक्की काय केलं हे तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही, म्हणून सांगते.

दोनशे चाळीस पूल. प्रत्येकाचं एक कार्ड. त्यावर चार फोटो आणि शेवटच्या तपासणीत नोंदवलेली चौदा लक्षणं: भेगा किती, गंज किती, खांबाखालची माती किती वाहून गेली, वगैरे. नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. तुमच्यासारख्या सहा जाणकारांपुढे दोन-दोन कार्डं ठेवली आणि एकच विचारलं, यातला आधी कुठला बंद कराल? "या पुलाला शंभरपैकी किती गुण" असं विचारलं असतं तर सहा जणांनी सहा आकडे सांगितले असते. दोनांतला वाईट कुठला हे मात्र माणूस चटकन सांगतो. त्या सगळ्या उत्तरांवरून कुठल्या लक्षणाला किती वजन हे गणितानं काढलं. आता कुठलाही पूल घ्या, चौदा रकाने भरा, गुण तयार. चाळीसच्या खाली गेला तर वाहतूक बंद. खातं हे नव्या वर्षापासून लागू करणार आहे.

एक गंमत. काही जोड्या मी मुद्दाम पुन्हा घातल्या होत्या, डावं-उजवं बदलून. माणूस स्वतःशी किती सहमत आहे ते बघायला. सहांतले आमचे प्राध्यापकमहाशय दर चार जोड्यांमागे एकदा स्वतःशीच भांडले. तुम्ही एकदाही नाही! ज्याचं सातत्य जास्त त्याचं मत जड, असा नियम आहे. म्हणून तुमचं एक मत दोन धरलं जाणार. आपलं नातं मी आधीच लिहून दिलंय. साहेब म्हणाले, "मामा असोत नाहीतर काका, आकडा तो आकडा." तरी नियम भाचीनं केला आणि मान मामांना मिळाला, हे मनाला टोचतंच. तुमचा खोका येण्याआधी तो नियम लिहून झाला होता ना, हे तारखा काढून मी दोनदा तपासलं. झाला होता.

मामींची तब्येत कशी आहे? खरं कळवा, "बरी आहे" असं नको.

तुमची,
मोजपट्टी

१२ नोव्हेंबर

चि. मोजपट्टी,

पत्र तुझ्या मामीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाचता येतं हे तिला माहीत आहे, पण वाचताना मध्ये मध्ये स्वतःचं घालता येतं ना. "माझं एक मत दोन धरतात" इथे आल्यावर ती जी हसायला लागली! "अडतीस वर्षांच्या संसारात मी यांचं अर्धं मतसुद्धा धरलं नाही, आणि तिकडे दोन धरतात होय!"

फोन करत जा असं तू म्हणतेस. रिव्हेटच्या ठोक्यांत माझे कान गेले, तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुझी मामी मनाप्रमाणे सांगते. पत्रच बरं.

तब्येत विचारलीस. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, सोमवार, बुधवार, शनिवार. आपला पूल ओलांडला की वीस मिनिटांत दवाखाना. चार तास यंत्राला, मग परत. गाडीवाला ठरलेला आहे, भला माणूस, गाडी अशी चालवतो की जणू मागे दुधाचं पातेलं आहे. येताना ती गळून गेलेली असते, बोलत नाही. ती बोलत नाही म्हणजे काय ते तूच समज. घरी येऊन पडली की तासाभरानं पहिलं वाक्य येतं, बहुतेक माझ्या चहाबद्दल वाईट. तेव्हा मला बरं वाटतं.

तुझ्या गणिताचं कौतुक वाटतं. आम्ही हातोडीनं वाजवून सांगायचो, आणि का असं विचारलं तर उत्तर नसायचं. तुम्ही ते उत्तर काढलंत म्हणायचं.

आमच्या भागातले पूल कसे निघाले? सहज विचारतो.

तुझा मामा

२९ नोव्हेंबर

ती. मामा,

गावांची नावं माझ्यापासूनही लपवलेली आहेत, म्हणून तुमच्या भागाचं सांगता येत नाही. हा नियमही मीच केलाय. नावाची यादी वेगळ्या फाइलमध्ये आहे, तिला कुलूप आहे, आणि किल्ली साहेबांकडे आणि माझ्याकडे.

एक शंका आहे, ती फक्त तुम्हीच फेडू शकाल. वजनांचा तक्ता छापायला जाण्याआधी मी शेवटचा बघत होते. पूल खांबावर ज्या लोखंडी बैठकीवर टेकतो ते बेअरिंग, हे तुम्हीच मला लहानपणी पुलाखाली उभं करून दाखवलं होतंत. त्याच्याखाली खांबावर गंजाचा ओघळ उतरला असेल तर बेअरिंग आतून सडतंय असं समजायचं, हेही तुमचंच. आणि आमच्या तक्त्यात या ओघळाचं वजन जवळजवळ शून्य आलंय! म्हणजे ओघळ असला काय नि नसला काय, गुण तेवढेच.

मी उलट दिशेनं शोधत गेले. मोठा ओघळ असलेली कार्डं मुळात बाराच. जोड्या मी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पाडल्या होत्या, आणि त्यात ११२ नंबरचं कार्ड तुमच्या वाटणीला चौदा वेळा गेलं. बाकीच्यांना ते क्वचितच मिळालं. हे मी आधी बघायला हवं होतं, बघितलं नाही. त्या चौदाही वेळा तुम्ही दुसरा पूल बंद करा म्हणालात. एकदा तर समोर जवळजवळ नवा पूल होता. तुमचं मत दुप्पट, तेही चौदा वेळा. त्यावरून गणित शिकलं की ओघळ निरुपद्रवी असतो.

कदाचित ते खरंच असेल. तुम्हाला ओघळाबद्दल असं काही माहीत असेल जे पुस्तकात नाही. तसं असेल तर मला सांगा, मी शिकेन. नसेल तरी सांगा.

मोजपट्टी

५ डिसेंबर

चि. मोजपट्टी,

ओघळाला उगाच घाबरायचं नसतं. नवशिके घाबरतात. चाळीस वर्षं पुलांखाली घालवली की कुठल्या डागाकडे बघायचं आणि कुठल्याकडे नाही ते डोळ्यांना कळतं. सांगता येत नाही.

इकडे थंडी आहे. तुझी मामी बरी आहे.

मामा

१४ डिसेंबर

ती. मामा,

तुमच्या पत्रात "बरी आहे" आलं आणि मला कळलं की तुम्ही काहीतरी झाकताय.

उरलेल्या ओघळवाल्या कार्डांपैकी पाच तुमच्याकडे एकेकदा आली होती. पाचही वेळा तुम्ही त्यांनाच आधी बंद करा म्हटलंय. म्हणजे ओघळाला तुम्हीही घाबरता. फक्त ११२ च्या ओघळाला घाबरत नाही.

चार दिवस मी ही गोष्ट कुणाला बोलले नाही. मग काल दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, मी नावांची फाइल उघडली. उघडायची नाही असा नियम करणारी मी, आणि उघडणारीही मीच. हे मी साहेबांना लेखी कळवलंय, ते म्हणाले, "बरं, ठेवा तिकडे." उलट चार शब्द सुनावले असते तर हलकं वाटलं असतं.

११२ हा तुमचा पूल आहे. तुमच्या घरापासून दवाखान्याकडे जाणारा.

मामा, मी तुम्हाला जाब विचारत नाहीये. विचारण्याचा मला हक्क आहे का हेच कळत नाही. कार्डांचा गठ्ठा तुमच्यापुढे ठेवताना तुमच्या गावचा पूल त्यातून काढून टाकणं माझं काम होतं. पण फाइल उघडायची नाही या माझ्या शिस्तीपायी मी तो काढला नाही. माझ्या प्रामाणिकपणानंच घात केला, असं म्हटलं तर ते स्वतःची पाठ थोपटल्यासारखं होतं. पण झालं तसंच.

जे असेल ते लिहा.

मोजपट्टी

२० डिसेंबर

चि. मोजपट्टी,

हे पत्र मी पोस्टात बसून लिहितोय. घरी ती विचारते, काय एवढं खरडताय.

फोटोत तिसरा खांब दिसला आणि मी ओळखलं. वरचा दगड काळा, खालचा पांढरट. काळा कमी पडला म्हणून पांढरट मीच मागवला होता, त्यावरून बोलणीही खाल्ली होती. स्वतःच्या हातचं शिवण बाई ओळखते तसं.

तो ओघळ बेअरिंगचा नाही. वर कठड्यालगत पावसाचं पाणी काढायची लोखंडी नळी आहे, ती फुटलीय, तिचा गंज खांबावर उतरतो. बेअरिंगला मी गेल्या उन्हाळ्यात स्वतः हात लावून बघितलंय. अजून वीस वर्षं काही होत नाही त्याला. तुझ्या कार्डावर "ओघळ: मोठा" एवढंच होतं. ओघळ कुठून येतो असा रकानाच नव्हता. म्हणजे मी खोटं बोललो नाही.

असं मी स्वतःला महिनाभर सांगतोय. पण प्रश्न असा आहे की कार्ड पहिल्यांदा समोर आलं तेव्हा मला आधी काय आठवलं, ती नळी, की सोमवार-बुधवार-शनिवार? शपथेवर विचारलंस तर मला सांगता येणार नाही. पूल चांगला आहे म्हणून मी वाचवला, की वाचवायचा होता आणि सुदैवानं तो चांगलाही निघाला? दुसऱ्या वेळी कार्ड आलं तेव्हा तर मी तयारच होतो. तिसऱ्या वेळी फोटोही बघितला नाही. तू ज्याला सातत्य म्हणालीस ते एवढंच होतं पोरी. बाकीचे विचार करत होते म्हणून चुकत होते.

माझ्या एका उत्तरानं दुसऱ्या पुलांचे गुण बदलतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या वेळी एका पुलाचा कागद त्या एकाच पुलाचा असायचा.

आता काय होणार ते लिही. मामीला यातलं काही माहीत नाही.

मामा

२८ डिसेंबर

ती. मामा,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. तुमच्यावर रागवावं असं एकही वाक्य त्यात सापडलं नाही, आणि त्यामुळे जास्तच त्रास झाला.

आता आकडे सांगते. तुमच्या उत्तरांसकट ११२ ला सत्तावन्न गुण आहेत. ती चौदा उत्तरं काढली की अडतीस. म्हणजे बंद. बाकीचे अकरा ओघळवाले पूल आत्ता चाळीसच्या वर आरामात बसलेत. उत्तरं काढली की अकराही खाली येतात. त्यांना फुटकी नळी आहे की खरंच बेअरिंग सडलंय हे कुणालाच माहीत नाही. तुम्ही त्यांतले पाच फोटोंत बघून वाईट म्हटले होतेत.

चूक कळवायची मुदत पंधरा जानेवारी आहे. त्यानंतर पुढची दुरुस्ती तीन वर्षांनी.

नळीचं सांगून ११२ ला वगळता येईल का, हे मी विचारायला गेले. साहेबांनी माझाच कागद माझ्यापुढे सरकवला. कलम सात: कार्डाबाहेरची माहिती ग्राह्य धरू नये. "बाई, एका पुलाला सूट दिली की उद्या दोनशे चाळीस गावं इथे दारात उभी राहतील, आमचाही चांगला आहे म्हणत. हे तुम्हीच मला पटवून दिलं होतंत." दिलं होतं. आणि मामा, अजूनही मला ते कलम बरोबर वाटतं, हे सगळ्यात वाईट.

नळी दुरुस्त करून खांब धुवून काढला तर? तेही विचारलं. कार्ड शेवटच्या तपासणीचं असतं, पुढची तपासणी दोन वर्षांनी. तोवर कार्डावर ओघळ तो ओघळच.

गप्प बसले तर मामी वीस मिनिटांत पोचतात आणि अकरा पुलांवरून लोक डोळे झाकून जातात. बोलले तर ते अकरा बंद होतात, पण मामींचा रस्ताही तुटतो. नदीच्या खालच्या अंगाच्या पुलावरून वळसा घातला तर किती लागतं हे मी नकाशावर मोजलं. सव्वादोन तास. एका बाजूचे.

तुम्ही सांगाल तसं मी करेन असं लिहिणार होते. मग वाटलं, हे ओझं तुमच्यावर ढकलणं झालं. म्हणून तेही लिहीत नाही. मग हे पत्र तरी कशासाठी लिहितेय, ठाऊक नाही.

मोजपट्टी

६ जानेवारी

प्रिय मोजपट्टीस,

हे पत्र मामीचं आहे, अक्षरावरून कळलंच असेल. तुझ्या मामांनी तुझी पत्रं लपवली, कुठे? माझ्या औषधांच्या डब्यात. गोळ्या तेच काढून देतात म्हणून त्यांना वाटलं मी डबा उघडत नाही. एवढा मोठा इन्स्पेक्टर! मी सगळी वाचली, अनुक्रमानं लावली आणि परत ठेवली. दोन दिवस त्यांचा चेहरा बघत बसले. शेवटी जेवताना विचारलं, "ती नळी फुटलीय तर दुरुस्त का नाही केली हो?" घास हातातच राहिला.

परवा तर तारेचा ब्रश आणि बादली घेऊन खांब घासायला निघाले होते. एकाहत्तरावं वर्ष लागलंय. मी पायरीवरून परत आणले.

ऐक आता. काढून टाक त्यांची उत्तरं. मी देवमाणूस वगैरे नाही, उगाच पत्र छातीशी धरून रडू नकोस. मला आधी रागच आला, तुझा. एवढी शिकलीस आणि कार्डावर एक रकाना जास्त घालता आला नाही? पण चार तास यंत्राला बांधलेलं असताना मला छताकडे बघण्यापलीकडे काही काम नसतं. त्या चार तासांत अकरा पूल मोजत पडायचं मला जमणार नाही. आधीच झोप कमी.

सव्वादोन तर सव्वादोन. बसायचंच तर आहे. गाडीत बसेन.

यांना मी सांगितलं की मी लिहिते आहे. "लिही" म्हणाले. मग बराच वेळ चपला शोधत होते, त्या पायातच होत्या.

मामी

१९ फेब्रुवारी

ती. मामा, ती. मामी,

बारा जानेवारीला मी कागद दिला. मामांच्या चौदा उत्तरांमुळे वजन चुकलं, ती उत्तरं वगळावीत, पूल ओळखीचा असल्यानं मत निष्पक्ष धरता येत नाही, असं लिहिलं. "निष्पक्ष" शब्दावर मी बराच वेळ अडले. दुसरा शब्द सुचला नाही.

दुरुस्ती मंजूर झाली. नवे गुण निघाले. बाराही पूल चाळीसच्या खाली. मला वाटलं आता तरी छातीवरचा दगड उतरेल.

काल निर्णय आला. ११२ लगेच बंद, कारण त्यावर वाहतूक कमी आणि वळशाचा रस्ता आहे. बाकी अकरा मोठ्या रस्त्यांवरचे, मालाच्या गाड्यांचे. ते बंद केले तर सगळंच ठप्प होईल, म्हणून त्यांच्यापुढे "निरीक्षणाखाली" असा शेरा मारलाय. निरीक्षण कोण करणार, विचारलं. माणसं नाहीत, मागितली आहेत, असं उत्तर मिळालं.

म्हणजे बारा पुलांपैकी जो एक चांगला आहे हे आपल्याला नक्की ठाऊक आहे, तेवढाच बंद झाला.

मी साहेबांपुढे उभी राहून हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही. "तुमचं म्हणणं पटतंय, पण तुमचा आकडाच मी लावलाय ना?" एवढंच म्हणाले.

मी बरोबर केलं का?

मोजपट्टी

१७ मार्च

चि. मोजपट्टी,

पुलाच्या दोन्ही तोंडांना सिमेंटची पिंपं उभी केली आहेत. पायी माणूस जाऊ शकतो, गाडी नाही. मी म्हटलं, पलीकडे दुसरी गाडी ठेवू आणि हिला चालत नेऊ. जाताना गेली. येताना पुलाच्या मध्यावर बसली. मी आणि गाडीवाल्यानं उचलून आणली. तेव्हापासून वळशानं जातो. सकाळी सातला निघून दुपारी चारला घरी. चहाबद्दलचं पहिलं वाक्य आता दुसऱ्या दिवशी येतं.

पण लिहायचं ते वेगळंच. खालच्या अंगाचा जो पूल लागतो तो तुझ्या अकरांतला आहे, कार्डावर बघितलेला मी ओळखला. ओघळ रस्त्यावरूनच दिसला. ती दवाखान्यात असताना मी गाडीवाल्याला घेऊन परत आलो आणि खाली उतरलो. काठीनं टोचून बघितलं, हातानं चाचपलं. इथे नळीबिळी काही नाही. बेअरिंग गंजून घट्ट बसलंय. उन्हात पूल फुगतो तेव्हा त्यानं सरकायला हवं. ते सरकत नाही, मग पूल खांबालाच ढकलतो. खांबाच्या डोक्याला हात जाईल एवढी भेग आहे. आणि आमचा पूल बंद झाल्यापासून त्याच्यावरच्या गाड्यांची वर्दळही याच्याच डोक्यावर.

मी खात्याला तीन पानी पत्र लिहिलं, आकृती काढून. आठ दिवसांत उत्तर आलं, एवढ्या लवकर नोकरीत असताना कधी आलं नव्हतं. आपली मतं निष्पक्ष नसल्याचं यापूर्वीच नोंदवलेलं असल्यानं विचारात घेता येत नाहीत.

तुला दोष देत नाही. तू लिहिलंस ते खरंच होतं. ते एका पुलाबद्दल होतं एवढंच.

तू जाऊन सांगून बघ.

मामा

२९ मार्च

ती. मामा,

गेले. तुमची आकृती मोठी करून नेली. साहेबांनी चष्मा लावून बघितली, शेजारच्या अभियंत्याला बोलावलं, त्यांनीही बघितली. "दिसतंय तर गंभीर," ते म्हणाले. मग विचारलं, "काढली कुणी?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

मग मी म्हटलं, मी स्वतः जाऊन बघते, माझ्या सहीनं देते. "तुम्ही पुलाच्या अभियंता नाही. आणि तुमच्या घरचं माणूस त्या रस्त्यानं जातं हे तुम्हीच लिहून दिलंय." दिलंय, मागच्याच आठवड्यात, कुणी न विचारता.

आवक-जावकच्या शिक्क्यानिशी अर्ज ठेवून आले. तपासणीसाठी क्रम लागलाय, चौतीसावा.

मी दर शुक्रवारी जाऊन क्रम विचारते. गेल्या शुक्रवारी तेहतीस होता.

पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. येऊन मामींबरोबर जाईन. त्यानं काय होणार, ठाऊक नाही.

मोजपट्टी

८ एप्रिल

प्रिय मोजपट्टीस,

ये. येताना मानेखाली घ्यायची उशी आण, इथली माझ्या वयाची झालीय. आणि आल्यावर तोंड पाडून बसायचं नाही, तेवढं काम इथे एकजण नेमानं करतोय.

आठवड्यातून दोनदाच जाऊ, असं मी डॉक्टरांना म्हणून बघितलं. त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. मग मीच म्हटलं, राहू दे, गंमत केली.

तू येशील तेव्हा तुला दिसेलच, पण आधी सांगून ठेवते, म्हणजे दचकणार नाहीस. तो खालचा पूल आला की तुझे मामा गाडी थांबवतात. उतरतात आणि पुढे चालत निघतात, मान खाली घालून, पुलाच्या जोडांकडे बघत बघत. ते पलीकडे पोचल्यावरच हळू यायचं, असं त्यांनी गाडीवाल्याला सांगून ठेवलंय. मागे ट्रक खोळंबतात. भोंगे काय, शिव्या काय! यांना कुठे ऐकू येतंय. मी मात्र सगळ्या ऐकते, चार-पाच नव्या शिकले.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "तुमच्या साठ किलोंनी पुलाला काय फरक पडतो हो?"

"काही नाही," म्हणाले.

"मग?"

खिडकीची काच खाली-वर करत बसले.

तू विचारतेस, बरोबर केलं का. यांना विचारलं तर हे म्हणतात माझी मतं आता धरत नाहीत. मला विचारशील तर मला नाही गं सांगता येत. सांगता आलं असतं तर खोटं का होईना, सांगितलं असतं.

काल बुधवार. ऊन फार होतं. ते पुढे गेले, मी मागून त्यांची पाठ बघत बसले. पलीकडे पोचले, वळले, आणि हात वर करून या म्हणाले. गाडीवाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "चला."

मामी